प्रश्नचिन्हाच्या पुढे

कल्याण पश्चिमेला स्टेशनातून बाहेर पडून रिक्षांची रांग आणि फेरीवाले ओलांडले की आतल्या गल्लीत एक दुकान लागतं. बाहेर पाटी आहे: झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील. आत दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, बोटांचे ठसे घेणारं छोटं यंत्र. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा इथली रांग पार रस्त्यावर गेली होती, असं दुकान चालवणाऱ्या ताई सांगतात. एरवीही गर्दी असतेच. उत्पन्नाचा दाखला, पॅनमधली दुरुस्ती, शिष्यवृत्ती, घरपट्टी. लोक कागद पुढे करतात, ताई टाइप करतात.

ताईंच्या मॉनिटरच्या कडेनं चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत. कोणत्या वेबसाइटला काय चालत नाही, याची ती नोंद. एकीला पत्त्यात स्लॅश चालत नाही. दुसरीला नावात टिंब नको. तिसरीत आडनाव मराठीतून टाकलं की सगळा फॉर्म पुसला जातो. मी बसलो होतो तेव्हा एका साइटनं 'बी/४०३' हा पत्ता 'अवैध अक्षर' म्हणून परत पाठवला. ताईंनी स्लॅश काढून तिथे मोकळी जागा सोडली. समोरचे काका अस्वस्थ झाले. "आधारवर स्लॅश आहे हो ताई. उद्या जुळलं नाही तर?" ताई म्हणाल्या, "काका, ती घेतच नाहीये, मी काय करू?"

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'विश्वास' हा विषय दिला, तेव्हा मला या तिरक्या रेषेपाशी थांबावंसं वाटलं. एखादी वेबसाइट घराच्या पत्त्याला का घाबरते? आणि जिथे तिनं खरोखर सावध राहायला हवं, तिथे ती सावध असते का? ठाणे, डोंबिवली, कल्याणात हे काम करणाऱ्या माणसांना भेटत गेलो तसं या दोन प्रश्नांचं नातं उलगडत गेलं.

पत्त्याच्या पट्टीत काय असतं

घरपट्टीची पावती उघडा आणि ब्राउझरच्या वरच्या पट्टीकडे पाहा. बऱ्याचदा वेबसाइटच्या नावानंतर एक प्रश्नचिन्ह दिसतं आणि त्यापुढे जोड्या असतात: पावती बरोबर अमुक, वर्ष बरोबर तमुक, मध्ये अँड-चं चिन्ह. या जोड्यांना प्रोग्रामर पॅरामीटर म्हणतात. फॉर्ममध्ये भरलेलं नाव, मोबाइल नंबर, यादीतून निवडलेला वॉर्ड, पानाच्या पोटात दडलेला ग्राहक क्रमांक, हे सगळे पॅरामीटरच. काही पट्टीत दिसतात, काही विनंतीच्या आत बसून जातात. नजरेला दिसत नाहीत म्हणून ते बदलता येत नाहीत, असं मात्र नाही. ब्राउझरमधली एक कळ दाबली की कुणालाही ते पाहता येतात आणि बदलून पुन्हा पाठवता येतात.

या सगळ्याचा पाया इथेच आहे. सर्व्हरपर्यंत जे पोचतं ते समोरच्यानं पाठवलेलं असतं. पानावर 'फक्त दहा अंक' अशी सूचना असेल, चुकलं की लाल रेघ येत असेल, यादीत पाचच पर्याय दिसत असतील. हे सारं भरणाऱ्याच्या सोयीसाठी. पान वगळून थेट सर्व्हरला विनंती पाठवणाऱ्याला यातलं काहीच अडवत नाही. म्हणून जी तपासणी महत्त्वाची, ती सर्व्हरवर पुन्हा व्हावी लागते. वागळे इस्टेटमधल्या एका प्रोग्रामरनं सांगितलं की नवीन आलेल्या मुलांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: "सर, फ्रंटएंडला व्हॅलिडेशन लावलंय की!" मग ते त्यांना एक विनंती हातानं बदलून दाखवतात. त्यानंतर ते वाक्य पुन्हा ऐकू येत नाही.

पट्टीत काय ठेवायचं हाही प्रश्न आहेच. कल्याणच्या त्या दुकानात ताई एखाद्या साइटचं पहिलं अक्षर टाइप करतात आणि ब्राउझर जुने पत्ते सुचवू लागतो. एखाद्या साइटनं मोबाइल किंवा पॅन नंबर पट्टीत ठेवला असेल, तर सकाळी येऊन गेलेल्या माणसाचा नंबर दुपारच्या माणसासमोर उघडा पडतो. शिवाय पट्टीतला मजकूर सर्व्हरच्या नोंदवह्यांत, म्हणजे लॉगमध्ये, जसाच्या तसा उतरतो आणि तिथे महिनोन्‌महिने पडून राहतो. खासगी माहिती विनंतीच्या पोटातून पाठवावी असं शिकवतात ते यासाठीच. पोटात ठेवल्यानं ती बदलण्यापासून सुरक्षित होते, अशा समजुतीनं नव्हे. आपल्याकडे एकच कॉम्प्युटर दिवसभरात शंभर जणांची कागदपत्रं हाताळतो. इथे या साध्या नियमाचं मोल फार आहे.

खिडकीवरचा माणूस गेला तेव्हा

हा विषय कल्याण-डोंबिवलीत पाहावा याला कारण आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या कल्याण-डोंबिवली महापालिकेनं १९९९ च्या सुमारास संगणकीकरणाचं काम हाती घेतलं. मुंबईच्या एबीएम नॉलेजवेअर या कंपनीनं प्रणाली उभारली आणि २००२ च्या सुमारास नागरी सुविधा केंद्र सुरू झालं. दाखले, कर, तक्रारी, परवाने, सगळं एका छताखाली आलं. देशातल्या अगदी सुरुवातीच्या महापालिकांपैकी ही एक. पुढे राज्य सरकारनं हा नमुना इतर नगरपालिका-महापालिकांसाठी स्वीकारला. २०१५ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आला, ठरलेल्या मुदतीत सेवा देणं बंधनकारक झालं, आणि आपले सरकार पोर्टलवरून अर्ज घरबसल्या जाऊ लागले.

सुविधा केंद्रात खिडकीपलीकडे माणूस होता. दुसऱ्याच्या घराची थकबाकी विचारली तर तो "तुम्ही कोण त्यांचे?" असं विचारायचा. रक्कम खोडलेली दिसली तर मान वर करायचा. अर्जावर कुणी भलतंसलतं लिहून आणलं तर ते बाजूला काढायचा. हे कुठल्याही नियमपुस्तकात पूर्णपणे लिहिलेलं नव्हतं, त्याच्या सवयीत होतं. काम ऑनलाइन गेलं तेव्हा तो माणूस प्रक्रियेतून वगळला गेला आणि त्याची सवय कोडमध्ये कुणीतरी लिहून काढावी लागली. जिथे लिहिली गेली तिथे बरं चाललं. जिथे राहून गेली तिथे प्रणाली "तुम्ही कोण?" हे विचारतच नाही. विचारायला तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

शंकर, यशवंत आणि डि'सोझा

ठाण्यात मासुंदा तलावाजवळ सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे, पोर्तुगीज काळापासूनचं. ठाणे, उत्तन, वसईच्या ईस्ट इंडियन आणि इतर ख्रिस्ती कुटुंबांत डि'सोझा, डि'मेलो, डि'कुन्हा ही आडनावं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. त्या वरच्या स्वल्पविरामानं कॉम्प्युटरच्या जगात या कुटुंबांना जेवढा त्रास दिला तेवढा क्वचितच दुसऱ्या कशानं दिला असेल. बँकेत एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरं, विमान तिकिटावर तिसरं. चर्चजवळ राहणाऱ्या डि'सोझा आडनावाच्या एका निवृत्त शिक्षिकेनं मला आपली कागदपत्रं दाखवली. आडनाव कुठे जोडून होतं, कुठे तोडून, तर कुठे 'डि' थेट मधल्या नावात जाऊन बसलेला. "टीचर म्हणून मी मुलांना स्वतःचं नाव नीट लिहायला शिकवलं," त्या म्हणाल्या, "आणि माझंच नाव मशीन नीट घेत नाही."

मशीनच्या आत काय होतं ते पाहू. डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा एसक्यूएल. आडनावावरून माणूस शोधायचा तर प्रोग्राम एक वाक्य तयार करतो. मराठीत सांगायचं तर: ज्या ओळीत आडनाव बरोबर 'कुलकर्णी' ती ओळ दे. आडनावाभोवती एकेरी अवतरणचिन्हं आहेत. मजकूर कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे डेटाबेसला त्यांवरूनच कळतं. आता आडनाव डि'सोझा असेल आणि प्रोग्रामरनं ते वाक्यात नुसतं चिकटवलं असेल, तर 'डि'पाशीच मजकूर संपतो. 'सोझा' हा उरलेला तुकडा आज्ञेचा भाग समजला जातो, त्याचा अर्थ लागत नाही आणि पान कोसळतं. शिक्षिकेची यात काहीच चूक नाही. पण हीच फट दुसऱ्या कुणाच्या लक्षात आली आणि त्यानं आडनावाच्या रकान्यात अवतरणचिन्ह टाकून पुढे 'किंवा १ बरोबर १' असं लिहिलं, तर अट नेहमीच खरी ठरते आणि एका ओळीऐवजी सगळं टेबल बाहेर येतं. डिसेंबर १९९८ मध्ये जेफ फॉरिस्टल या अमेरिकी संशोधकानं 'फ्रॅक' या नियतकालिकात या पद्धतीबद्दल पहिल्यांदा जाहीरपणे लिहिलं. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या टॉकटॉक या दूरसंचार कंपनीची सुमारे १ लाख ५७ हजार ग्राहकांची माहिती याच वाटेनं गेली. चोरी झाली ती आधी विकत घेतलेल्या एका कंपनीबरोबर आलेल्या जुन्या, विसरल्या गेलेल्या पानांमधून. नियामकानं चार लाख पौंड दंड केला.

यावरचा चुकीचा उपाय सगळीकडे आढळतो: धोकादायक वाटणारी चिन्हं अडवा. अवतरणचिन्ह नको, अर्धविराम नको, स्लॅश नको, कंसही नको. या बंदी-यादीत मराठी माणसाचं किती अडतं, ते कृतिदेवसारखा जुना फाँट वापरणाऱ्याला विचारावं. युनिकोड रुळण्याआधी असे फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार दाखवत. कागदावर मराठी दिसे, कॉम्प्युटरच्या आत मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठत. कृतिदेवमध्ये अर्धा 'श' म्हणजे एकेरी अवतरणचिन्ह आणि 'य' म्हणजे अर्धविराम. जुन्या फाइलीतून 'शंकर' हे नाव फॉर्ममध्ये चिकटवलं तर त्याची सुरुवात अवतरणचिन्हानं होते. 'यशवंत'ची सुरुवात अर्धविराम आणि त्यामागोमाग अवतरणचिन्ह अशी होते, आणि हल्ल्याच्या मजकुरात शोधली जाते ती हीच जोडी. एखाद्या कचेरीतून जुन्या याद्या नव्या प्रणालीत भरताना सुरक्षा-गाळणीनं यशवंतांनाच बाहेर ठेवलं, तर कारण शोधायला कुठून सुरुवात करायची हेही समजणार नाही.

बरोबर उपाय साधा आहे, जुना आहे आणि जवळजवळ प्रत्येक भाषेत तयार मिळतो. आज्ञा आणि माहिती वेगवेगळी पाठवायची. आधी डेटाबेसला वाक्याचा सांगाडा द्यायचा, ज्यात आडनावाच्या जागी रिकामी खूण असते. मग आडनाव स्वतंत्रपणे द्यायचं. बँकेतल्या छापील स्लिपसारखं. रिकाम्या रेघेवर तुम्ही काहीही लिहिलंत तरी छापलेलं वाक्य बदलत नाही. सांगाडा आधीच पक्का झालेला असल्यानं डि'सोझा हा नुसता मजकूर उरतो आणि 'किंवा १ बरोबर १' हेही कुणाचंतरी विचित्र आडनाव ठरतं, जे यादीत सापडत नाही. यात कुणाच्या नावावर बंदी येत नाही आणि कोणतं चिन्ह वाईट याची यादीही ठेवावी लागत नाही.

एक जागा मात्र या उपायातून सुटते आणि अनुभवी माणसंही तिथे घसरतात. यादी कोणत्या रकान्यानं लावायची, नावानं की तारखेनं, हा पॅरामीटर रिकाम्या खुणेत भरता येत नाही, कारण रकान्याचं नाव हा सांगाड्याचाच भाग असतो. तिथे प्रोग्राममध्येच परवानगीची छोटी यादी ठेवायची, आलेलं मूल्य तिच्याशी ताडायचं आणि जुळलं नाही तर ठरलेला क्रम वापरायचा. 'कोणती पावती डाउनलोड करायची' म्हणून फाइलचं नाव पाठवणाऱ्या पानांनाही तेच लागू. तिथे दोन टिंबं आणि स्लॅश लिहून वरच्या फोल्डरमध्ये शिरता येतं. फाइलचं नाव बाहेरून घ्यायचंच नाही, क्रमांक घ्यायचा आणि नाव आपल्याकडे शोधायचं.

मजकूर पानावर दाखवतानाही काळजी लागते, वेगळ्या प्रकारची. तक्रारीच्या रकान्यात कुणी मजकुराऐवजी छोटा प्रोग्राम लिहिला आणि पानानं तो तसाच छापला, तर तो तक्रार वाचणाऱ्या कर्मचाऱ्याच्या ब्राउझरमध्ये, त्याच्या अधिकारानिशी चालू लागतो. म्हणून बाहेर दाखवताना, त्या जागेला साजेल असं, चिन्हांचं निर्धोक रूप करायचं. अनेक ठिकाणी हे काम माहिती आत घेतानाच उरकतात. मग डि'सोझा टीचरच्या पावतीवर आडनावाच्या मध्ये अँडचं चिन्ह, हॅश, एकोणचाळीस आणि अर्धविराम छापून येतो. त्यांच्या फाइलीत अशी एक पावती होती.

एक रुपयाचं जेवण

अवतरणचिन्हाची गोष्ट तिशीला टेकली. आता जास्त नुकसान करणारी चूक इतकी साधी आहे की ऐकणाऱ्याला ती चूक वाटतच नाही. सॉफ्टवेअर सुरक्षेचे प्रमुख धोके मांडणाऱ्या ओवॅस्प या जागतिक संस्थेच्या यादीत २०१७ साली इंजेक्शन, म्हणजे असा माहितीच्या रकान्यातून आज्ञा घुसवण्याचा प्रकार, पहिलं होतं. २०२१ मध्ये ते तिसऱ्यावर गेलं आणि पहिल्या क्रमांकावर आली अधिकाराची तपासणी नसणं.

उदाहरण आपल्याच भागातलं आहे. पश्चिम आणि दक्षिण भारतात मॅकडोनाल्ड्सची घरपोच सेवा मुंबईतल्या कंपनीकडून चालते आणि ठाणेही त्याच भागात येतं. मार्च २०१७ मध्ये फॉलिबल या सुरक्षा कंपनीनं जाहीर केलं की या सेवेच्या ॲपमागचा एक दुवा ग्राहकाची माहिती कुणालाही देतो. लॉगिन लागत नव्हतं आणि ग्राहक क्रमांक ओळीनं होते. एक क्रमांक घालायचा, माहिती घ्यायची, एक मिळवायचा, पुढची घ्यायची. नाव, ईमेल, फोन, घरचा पत्ता, घराचे नकाशावरचे अक्षांश-रेखांश, अशी २२ लाखांहून अधिक लोकांची माहिती उघडी होती. आर्थिक माहिती आम्ही साठवत नाही, असं कंपनीनं तेव्हा सांगितलं. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये ईटन झ्वेअर या संशोधकानं त्याच सेवेतल्या वेगळ्या त्रुटींबद्दल लिहिलं. पिशवीतल्या पदार्थाची किंमत बदलून एक रुपयात ऑर्डर देता येत होती आणि दुसऱ्यांच्या ऑर्डरी पाहता येत होत्या. त्यानं आधी कंपनीला कळवलं होतं, कंपनीनं दुरुस्ती केली आणि त्यानंतरच त्यानं लेख प्रसिद्ध केला.

दोन्हींत पॅरामीटरमधला मजकूर अगदी शुद्ध होता. क्रमांक हा क्रमांकच होता आणि एक रुपया ही नीट लिहिलेली रक्कम होती. कोणतीही बंदी-यादी त्याला अडवू शकली नसती. चुकला तो विश्वास. पदार्थाची किंमत दुकानाला माहीत असते, ती गिऱ्हाइकाकडून कशासाठी घ्यायची? आणि 'मी ग्राहक क्रमांक अमुक' हे कुणी म्हटलं म्हणून तो तोच आहे, हे कशावरून? फेब्रुवारी २०१९ मध्ये इंडियन ऑइलच्या इंडेन गॅसच्या वितरकांसाठीच्या पोर्टलबद्दल असंच बाहेर आलं होतं. फ्रेंच संशोधक बाप्तिस्त रोबेर यानं वितरकांचे क्रमांक बदलत सुमारे ५८ लाख ग्राहकांच्या नोंदी मिळाल्याचं सांगितलं. आधार क्रमांक फुटल्याचं इंडियन ऑइलनं नाकारलं.

घोडबंदर रोडवरच्या एका गृहसंकुलाच्या सचिवांनी मला याचीच छोटी आवृत्ती सांगितली. सोसायटीनं मेंटेनन्सच्या बिलांसाठी सॉफ्टवेअर घेतलं होतं आणि दर महिन्याला सभासदांना व्हॉट्सॲपवर पावतीचा दुवा जायचा. दुव्याच्या शेवटी क्रमांक होता. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलानं शेवटचा आकडा बदलला आणि शेजारच्यांची पावती उघडली, थकबाकीसकट. त्यानं ती कुणाला पाठवली नाही, वडिलांना सांगितलं, वडिलांनी सचिवांना. विक्रेत्यानं पहिल्यांदा उत्तर दिलं ते असं की क्रमांकाऐवजी लांबलचक, अंदाज न येणारी अक्षरं टाकू. सचिव स्वतः बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी विचारलं, "पण दुवा कुणी पुढे पाठवला तर? तेव्हा तुम्ही विचारणार आहात का, हा सभासद कोण ते?"

प्रश्न नेमका होता. लांब क्रमांकानं अंदाज बांधणं अवघड होतं, अधिकार तपासला जात नाही. दुरुस्ती डेटाबेसला विचारल्या जाणाऱ्या वाक्यातच करावी लागते. 'पावती ४१२७ दे' याऐवजी 'पावती ४१२७ दे, पण ती लॉगिन केलेल्या या सभासदाची असेल तरच'. सभासद कोण हे दुव्यातून घ्यायचं नाही. लॉगिनच्या वेळी सर्व्हरनं स्वतः जे ठरवलं त्यातून घ्यायचं. आणि पावती दुसऱ्याची निघाली तर 'परवानगी नाही' न म्हणता 'सापडली नाही' म्हणायचं, म्हणजे त्या क्रमांकाची पावती आहे की नाही हेही कळत नाही. दोन महिन्यांनी विक्रेत्यानं ते केलं.

याच्याच जवळचा एक प्रकार म्हणजे न मागितलेला पॅरामीटर. प्रोफाइल बदलण्याच्या फॉर्ममध्ये नाव आणि फोन एवढंच असतं, पण पाठवणारा सोबत 'भूमिका बरोबर व्यवस्थापक' अशी जोडी घालतो. आलेलं सगळं एकत्र डेटाबेसमध्ये ओतणारा प्रोग्राम तीही साठवतो. मार्च २०१२ मध्ये इगोर होमाकोव्ह या तरुणानं गिटहब या प्रोग्रामरांच्या कोड ठेवायच्या वेबसाइटवर हे करून दाखवलं आणि ज्या प्रकल्पात त्याला लिहिण्याचा अधिकार नव्हता तिथे बदल केला. तेव्हापासून प्रोग्रामिंगच्या बहुतेक तयार चौकटींत, म्हणजे फ्रेमवर्कमध्ये, कोणते रकाने स्वीकारायचे ते नावानिशी सांगावं लागतं. जे मागितलं नाही ते घ्यायचं नाही.

आकडा मराठीत लिहिला तर

या प्रवासात मला सर्वांत गुंतवून ठेवलं ते देवनागरीनं. परदेशी पुस्तकांत याबद्दल फार थोडं मिळतं, आणि आपल्याला ते रोज भेटतं.

कल्याण तालुक्यातल्या गावांचे सातबारा पाहा. सर्व्हे नंबर '१२/३अ' असा असतो. अंक, स्लॅश, पुन्हा अंक, मराठी अक्षर. सातबारा दाखवणाऱ्या महाभूलेख या सरकारी वेबसाइटच्या पानावर जिल्हा, तालुका, गाव यादीतून निवडायचं असतं, मग नंबराचा पहिला भाग लिहून पूर्ण नंबर यादीतून घ्यायचा. ही रचना विचारानं केलेली आहे, कारण हाच नंबर लोकांनी मोकळ्या रकान्यात लिहिला तर शंभर तऱ्हांनी लिहितील. पण तो वेबसाइटच्या पत्त्याचा भाग म्हणून जाताना स्लॅशचं टक्केवारीच्या चिन्हानं सुरू होणारं सांकेतिक रूप करावं लागतं, नाहीतर सर्व्हरला वाटतं की स्लॅशपुढे दुसरंच पान आहे. देवनागरी अक्षरांचंही तसंच. 'ठाणे' या शब्दाचे चार घटक, प्रत्येकाचे तीन बाइट, म्हणजे बारा. पट्टीत सांकेतिक रूपात त्याची लांबी ३६ होते. 'डोंबिवली'ची ७२. लांबीची मर्यादा इंग्रजी नावं डोळ्यांपुढे ठेवून ठरवली तर आपली नावं मध्येच कापली जातात.

आता कुणी फोनच्या मराठी कीबोर्डवरून सदनिका क्रमांक '१२' असा देवनागरीत लिहिला. पायथन भाषा त्याचा बारा हा आकडा करते. जावाही करते. जावास्क्रिप्ट 'हा आकडा नाही' म्हणते. पीएचपीमध्ये मजकुराचा सक्तीनं पूर्णांक केला तर शून्य मिळतो आणि तक्रार काहीच येत नाही. एकाच प्रणालीत पुढचं पान एका भाषेत आणि मागचं काम दुसऱ्या भाषेत असणं रोजचंच आहे. तपासणारा एक अर्थ घेतो, वापरणारा दुसरा. हल्लेखोर याच फरकावर जगतात. एकच पॅरामीटर दोनदा पाठवला तर काही चौकटी पहिलं मूल्य घेतात, काही शेवटचं, काही दोन्ही स्वल्पविरामानं जोडतात. मधल्या पहारेकऱ्यानं पहिलं तपासलं आणि प्रणालीनं शेवटचं वापरलं की पहारा वाया गेला. देवनागरी आकड्यांची गोष्ट याहून वेगळी नाही. उपाय एवढाच की आत येताच, एकाच ठिकाणी, सगळ्या आकड्यांना एक रूप द्यायचं, त्यानंतर तपासायचं आणि पुढे सगळीकडे तेच रूप वापरायचं. आधी तपासून मग रूप बदललं तर तपासणी भलत्याच मजकुराची झालेली असते.

कुऱ्हाडे, गोऱ्हे, वऱ्हाडे या आडनावांतला अर्धा 'र' युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकीत वेगळं 'ऱ' हे अक्षर, दुसरीत साधा 'र', हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला वेगळे. म्हणून एकाच माणसाच्या दोन नोंदी होतात आणि शोधल्यावर एकच सापडते. अदृश्य चिन्हं संशयास्पद मानून सरसकट काढून टाकणारी गाळणी लावली, तर दुसऱ्या तऱ्हेनं लिहिलेल्या कुऱ्हाडेंचा 'कुर्हाडे' होतो. सुरक्षेच्या नावाखाली माणसाचं आडनाव मोडायचा अधिकार कोणत्याही प्रोग्रामला नसावा, असं मला मनापासून वाटतं. ज्या रकान्याचं रूप ठरलेलं आहे तिथे कडक राहावं. पॅन म्हणजे पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर. आधारचे बारा अंक, त्यातला शेवटचा आधीच्यांवरून पडताळता येतो. डोंबिवली पूर्वेचा पिन ४२१२०१, सहा अंकी, शून्यानं सुरू न होणारा. पण नाव आणि पत्ता हे माणसाचे. तिथे लांबीची मर्यादा घालावी, मजकूर खरोखर मजकूर आहे ना हे पाहावं, आणि तो जसा आहे तसा जपावा.

दोन खिडक्या, दोन माणसं

डोंबिवलीत राहणारी एक तरुणी सकाळच्या लोकलनं ठाण्याला येते आणि वागळे इस्टेटमध्ये सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. एमआयडीसीची ही पहिली औद्योगिक वसाहत. जुन्या कारखान्यांच्या शेजारी आता काचेच्या इमारती आहेत. तिची पद्धत बघण्यासारखी आहे. एका ब्राउझरमध्ये ती 'अ' म्हणून लॉगिन करते, दुसऱ्यात 'ब' म्हणून. 'ब'च्या पावतीचा क्रमांक 'अ'च्या खिडकीत टाकते. मग लॉगिन काढून टाकते आणि तेच पुन्हा करते. रक्कम उणे करून पाहते, शून्य करून पाहते. तिच्याकडे नावांची फाइल आहे: डि'मेलो, कुऱ्हाडे दोन्ही तऱ्हांचे, एका अक्षराचं नाव, आडनावच नसलेला माणूस, देवनागरी आकड्यांचा पत्ता. यातलं प्रत्येक नाव आत जाऊन जसंच्या तसं बाहेर यायला हवं. "फक्त हल्ला थांबला की नाही हे बघून भागत नाही," ती म्हणाली. "खरा माणूस अडला नाही ना, हेपण बघायला लागतं."

हे सगळं ती आपल्या कंपनीच्या चाचणी-सर्व्हरवर करते, लेखी परवानगीनं. परवानगीविना दुसऱ्याच्या प्रणालीत असं करणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली येऊ शकतं, हेतू चांगला असला तरी माणूस अडचणीत सापडू शकतो. घोडबंदरच्या मुलानं थांबून वडिलांना सांगितलं ते शहाणपणाचं होतं. दुसऱ्या बाजूनं, माहिती सांभाळणाऱ्यांवरची जबाबदारीही आता कागदावर पक्की झाली आहे. एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला कळवावी लागते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

मग स्लॅश का अडवतात? उत्तर तिच्या वरिष्ठांकडे मिळालं. सरकारी आणि निमसरकारी कामांसाठी सुरक्षा-परीक्षण लागतं. अहवालात कधी कधी शेरा येतो: नावाच्या रकान्यात विशेष चिन्हं स्वीकारली जातात. प्रणाली चालू करायची तारीख तोंडावर असते, आणि शेरा बंद करायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे चिन्हंच बंद करणं. अर्ध्या तासाचं काम. परीक्षक पुन्हा बघतो, चिन्ह नाकारलं जातं, शेऱ्यापुढे 'दुरुस्त' असं लिहिलं जातं. आत डेटाबेसचं वाक्य अजून चिकटवूनच बनत असेल तर तो धोका तसाच राहतो, आणि पावतीचा क्रमांक बदलता येत असेल तर तोही.

या वर्षी असा शेरा आला तेव्हा त्यांनी चिन्हं बंद केली नाहीत. परीक्षकाला लेखी उत्तर दिलं. प्रत्येक प्रश्न सांगाडा आणि माहिती वेगळी ठेवून जातो याचा कोडमधला पुरावा जोडला, क्रमवारीच्या रकान्याची परवानगी-यादी दाखवली, पानावर मजकूर कसा निर्धोक केला जातो ते दाखवलं, आणि तिची नावांची फाइल चाचणीच्या निकालासह पाठवली. दोन आठवडे पत्रव्यवहार चालला. परीक्षकानं स्वतः ती नावं टाकून पाहिली, हल्ल्याचे मजकूरही टाकून पाहिले आणि शेरा मागे घेतला. वेबसाइटवर आता डि'मेलो चालतात. त्याच सेवेचं मोबाइल ॲप दुसऱ्या कंपनीनं बनवलं आहे आणि तिथली बंदी-यादी अजून उठलेली नाही. त्यांना फाइल पाठवली आहे, आणि त्यांच्या पुढच्या आवृत्तीची चाचणी तिच्याच टेबलावर येणार आहे.